पोटगीच्या कामी उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र : वकील कसा नेमावा व कागद कोणते द्यावेत

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे मुलगे मुंबईच्या उपनगरांत नोकरीधंद्यानिमित्त राहतात व मुलीही तिकडेच दिलेल्या असतात. दुर्दैवाने संसारात बेबनाव होऊन पोटगीचा प्रश्न निघाला, म्हणजे गावाकडील शेतीचा हिशेब शहरातील न्यायाधीशांपुढे मांडण्याची पाळी येते. मूळ अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे अथवा वांद्रे येथील कुटुंब न्यायालयात चालतो. गोरेगावच्या पूर्वेस दिंडोशी येथे नगर दिवाणी व सत्र न्यायालय आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली त्या भागातील दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या हुकुमांवर तेथे अपील होते. परंतु अपिलातही प्रथम लिहून दिलेले प्रतिज्ञापत्रच समोर येते. सबब पहिला कागदच चोख असावयास पाहिजे.

कायद्याची अपेक्षा. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी ठरवून दिले की, पोटगीच्या प्रत्येक कामी पति व पत्नी या उभयतांनी आपली मालमत्ता, उत्पन्न व देणी प्रतिज्ञेवर सांगावीत. त्या निकालास जोडलेल्या नमुन्यांत शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र नमुना आहे, ही गोष्ट शहरातील व्यवहारात पुष्कळदा नजरेआड होते. जमिनीचे क्षेत्र व त्यातील आपला हिस्सा, जमीन बागायत की जिरायत, पिके कोणती, मागील तीन वर्षांचे उत्पन्न, बटाईने केलेली जमीन, गुरेढोरे व त्यांपासून होणारी प्राप्ति, जमिनीवरील कर्ज, इत्यादि प्रश्न त्यात आहेत. उत्तर देणारास साधारणतः फार तर चार आठवड्यांची मुदत मिळते.

कागदांची जुळवाजुळव. वकिलाकडे जाण्यापूर्वी सातबारा, आठ-अ व फेरफाराचे उतारे, बाजारातील विक्रीच्या पट्ट्या, कारखान्याची ऊसबिले, दूधसंस्थेचे हिशेब, सोसायटीचा कर्जखाते-उतारा आणि बँकेची पुस्तके वर्षवार लावून घ्यावीत. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्यामुळे केवळ कराच्या विवरणपत्रावर भागत नाही.

हिशेब कसा मांडावा याचे एक कल्पित उदाहरण घेऊ. सहा एकर जमीन तीन भावांत समाईक व समान हिश्शाची आहे. वर्षाची विक्री 3,60,000 रुपये, आणि बी, खत, मजुरी, पाणीपट्टी मिळून खर्च 2,10,000 रुपये. निव्वळ 1,50,000 राहिले. एका भावाचा हिस्सा 50,000, म्हणजे दरमहा सुमारे 4,167 रुपये. आता सातबारावर नाव पाहून कोणी सहाही एकर त्याचेच धरील, तर कोणी "जमीन वडिलांची, माझे काही नाही" असे लिहील. दोन्ही खोटेच. विक्री, खर्च व हिस्सा हे तिन्ही आकडे स्वतंत्र दाखवावेत. म्हणजे न्यायाधीशांस खरी स्थिति कळते.

मुलीच्या बापानेही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. 2005 च्या दुरुस्तीने हिंदु एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीस मुलाप्रमाणेच हक्क मिळाला आहे. तेव्हा माहेरच्या जमिनीतील तिचा हिस्सा तिच्या प्रतिज्ञापत्रातही यावयास हवा. तो दडविला व पुढे उघडकीस आला, तर तिच्या खऱ्या तक्रारीवरीलही विश्वास उडतो.

वकिलाची निवड. वकील मोठ्या नावाचा असण्यापेक्षा त्याने पोटगीची कामे चालविलेली असणे अधिक महत्त्वाचे. सातबारा त्यास वाचता येतो काय, हे संकोच न करता विचारावे. येत नसल्यास आपण समजावून द्यावा. फी केवळ प्रतिज्ञापत्राची की सबंध कामाची, हे आधी ठरवून लिहून घ्यावे व पावती मागावी. मिळणाऱ्या पोटगीत हिस्सा मागणे वकिलास नियमाने मना आहे. स्त्रियांस, त्यांचे उत्पन्न कितीही असो, 1987 च्या कायद्याने विधिसेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळू शकतो. पैशाअभावी कोणी स्वस्थ बसू नये.

सही करण्यापूर्वी. कोऱ्या कागदावर सही कदापि करू नये. मसुदा इंग्रजीत असल्यास तो मराठीत सांगून घ्यावा. स्वतःच्या माहितीतील गोष्ट व ऐकीव गोष्ट वेगळी लिहावी. जो आकडा कागदाने सिद्ध होत नाही, तो "अंदाजे" म्हणून लिहून अंदाजाचा आधार सांगावा. शपथेवरील कागदाची एक नक्कल घरी ठेवावी. पुढे पीक बुडाले, कर्ज वाढले अगर जमीन विकली, तर दुरुस्त प्रतिज्ञापत्र देता येते. मात्र ते वेळीच द्यावे.

"वकिलाने लिहिले, मी सही केली" ही सबब न्यायालयात चालत नाही. लेखणी वकिलाची असली तरी शपथ आपली असते. न्यायालयीन कामात जाणूनबुजून खोटा पुरावा देणारास भारतीय न्याय संहितेच्या 229 व्या कलमाने सात वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु शिक्षेच्या भयापेक्षाही दुसरा विचार आम्हास मोठा वाटतो. या आकड्यांवर एका स्त्रीचा व लेकरांचा महिन्याचा निर्वाह ठरावयाचा असतो, आणि दुसऱ्या बाजूस एका शेतकऱ्याच्या घराची ऐपतही. बियाणे तोलताना आपण जो काटा वापरतो, तोच येथेही वापरावा, इतकेच आमचे सांगणे आहे.