रोजच्या वस्त्रांचा हिशेब

सूरह आराफच्या २६ व्या आयतीत अल्लाहने समस्त आदमसंततीला उद्देशून वस्त्राचा उल्लेख आपली एक देणगी म्हणून केला आहे. या देणगीचे दोन उपयोग तेथे सांगितले आहेत. वस्त्र शरीराचे लज्जास्थान झाकते आणि ते शोभाही देते. शोभेसाठी आलेला ‘रीश’ हा शब्द मुळात पक्ष्यांच्या पिसांसाठी वापरला जातो. पक्ष्याची पिसे त्याला ऊब देतात, उडण्यास साहाय्य करतात आणि सुंदरही दिसतात, परंतु कोणताही पक्षी गरजेहून अधिक पिसे अंगावर वाहत नाही. आयतीत यापुढे तिसऱ्या वस्त्राचा, ईशपरायणतेच्या वस्त्राचा उल्लेख येतो आणि तेच सर्वोत्तम ठरविले जाते.

याच सूरहच्या ३१ व्या आयतीत प्रत्येक उपासनेच्या वेळी आपली शोभा धारण करण्याची आज्ञा आहे. इस्लामपूर्व काळात काही अरब विवस्त्र होऊन काबागृहाला प्रदक्षिणा घालीत, ती प्रथा या आज्ञेने संपुष्टात आली. लगेच खाण्यापिण्याची मोकळीक दिली आहे आणि त्याच दमात उधळपट्टीला मनाई केली आहे. पुढची आयत तर अल्लाहने दिलेली शोभा निषिद्ध ठरविणाऱ्यांनाच जाब विचारते. तेव्हा नीटनेटके, चांगले कपडे घालणे धर्मपरायणतेच्या विरोधात आहे, ही समजूत कुरआनला मान्य नाही. एक गृहस्थ अगदी जीर्ण कपड्यांत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले. संपत्ती आहे काय, असे प्रेषितांनी (स.) विचारले. उंट, मेंढ्या, घोडे सर्व काही आहे, असे त्यांनी सांगितले. तेव्हा, मग अल्लाहच्या कृपेची खूण तुमच्यावर दिसली पाहिजे, अशा आशयाची शिकवण त्यांना मिळाली. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे.

येथवर कोणाची फारशी तक्रार नसते. प्रश्न मर्यादेचा आहे. नसाई व इब्ने माजाच्या एका हदीसमध्ये खाणे, पिणे, दान करणे आणि वस्त्र परिधान करणे यांना एकत्रच परवानगी दिली आहे. अट एवढीच की त्यात उधळपट्टी आणि अहंकार नसावा. या चौघांत दान का बसविले असावे, याचा विचार करण्याजोगा आहे. अन्न, वस्त्र आणि गरिबाचा वाटा ही एकाच थैलीतून निघणारी नाणी आहेत. एका ठिकाणी हात सैल सुटला की दुसरीकडे तो आखडणारच.

अहंकाराचा संबंध आपण लग्नकार्यातील भरजरी पोशाखाशी जोडतो आणि तेथे सावधही असतो. ईदचे कपडे, निकाहचा शेरवानी-शालू यांवरील खर्चाविषयी आपल्या मशिदींतून बयाने होतात. परंतु रोज अंगावर चढणाऱ्या टी-शर्ट, लेगिंग, ट्रॅकपँट, घरातल्या कुर्त्याविषयी कोणी बोलत नाही, कारण त्यांची किंमत थोडी असते. गेल्या रमजानमध्ये जकातीचा हिशेब करायला बसलो असताना सहज घरातील कपाट उघडून मोजदाद केली. चार माणसांच्या कुटुंबात केवळ रोजच्या वापराचे एकसष्ट कपडे निघाले. त्यांतील सहांची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. त्यांपैकी दोन माझेच होते, हे लिहिणे भाग आहे. प्रत्येक कपडा ‘स्वस्तात मिळाला’ म्हणूनच घेतलेला होता.

स्वस्ताईचे गणित साधे आहे. चारशे रुपयांचा टी-शर्ट दहा वेळा घालून आकार गेला म्हणून बाजूला पडला, तर प्रत्येक वापराला चाळीस रुपये पडले. नऊशे रुपयांचा चांगल्या सुताचा सदरा दीडशे वेळा वापरला, तर प्रत्येक वापराला सहा रुपये. पहिल्या खर्चात आपण काटकसर केली असे समजतो आणि दुसऱ्यात चैन. तिर्मिजीतील हदीसनुसार अंतिम निवाड्याच्या दिवशी संपत्तीविषयी दोन प्रश्न विचारले जातील, ती कोठून मिळविली आणि कशावर खर्च केली. दुसऱ्या प्रश्नाला ‘सवलत चालू होती’ हे उत्तर कसे पुरेल?

आपल्या धर्मशास्त्रज्ञांनी मात्र रोजच्या कपड्यांकडे बारकाईने पाहिले होते. स्वतःच्या वापरातील वस्त्रांवर जकात नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु कुर्बानी कोणावर वाजिब होते याची चर्चा करताना हनफी फिक्हच्या ‘रद्दुल मुहतार’ या ग्रंथात गरजेच्या वस्त्रांची गणना आली आहे. घरातील साध्या वापरासाठी एक जोड, कामधंद्यासाठी दुसरा, आणि जुमा, ईद व भेटीगाठींसाठी तिसरा. चौथा जोड गरजेबाहेरचा आहे आणि त्याची किंमत निसाबाइतकी भरली तर त्याचा मालक संपन्न ठरतो. अबू दाऊदमधील एका हदीसमध्येही कामाच्या कपड्यांखेरीज जुम्यासाठी वेगळी दोन वस्त्रे ठेवण्यास उत्तेजन आहे. आजचे हवामान, नोकरी, शाळेचा गणवेश पाहता तीन हा आकडा जसाच्या तसा लागू करावा असे माझे म्हणणे नाही. गरज ही काळ व प्रदेशानुसार बदलते. महत्त्वाचे हे की त्या विद्वानांना ‘पुरे’ कोठे होते हे सांगता येत होते. आपल्याला ते सांगता येते काय?

स्वस्त कपड्याची उरलेली किंमत दुसराच कोणी भरत असतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावर येथे राना प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक लोक मरण पावले. त्यांत बहुसंख्य शिवणकामगार होते आणि ते परदेशांतील दुकानांसाठी असेच रोजच्या वापराचे कपडे शिवीत होते. भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते, तरीही त्यांना कामावर बोलावले गेले. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. मालेगाव आणि भिवंडीच्या यंत्रमागांवर आपलेच मोमीन बांधव रात्रपाळीत उभे असतात. घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण आपण व्यासपीठावरून ऐकवतो, पण भाव पाडून मागताना ती मजुरी कोणाच्या ताटातून कमी होते, हे विचारत नाही.

प्रेषित (स.) घरी काय करीत असत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी सांगितले की ते आपले कपडे स्वतः शिवीत आणि पादत्राणे दुरुस्त करीत. खलीफा असताना हजरत उमर (रजि.) यांच्या खांद्यांच्या मध्ये एकावर एक लावलेली तीन ठिगळे हजरत अनस (रजि.) यांनी पाहिली होती, इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त ही नोंद आहे. आपल्याकडेही फार पूर्वीची गोष्ट नाही. वडिलांचा सदरा मुलाला बेतून होई, रफू करणारा मोहल्ल्यातच बसे, आणि शेवटी उरलेल्या चिंध्यांची गोधडी बने.

आता कपाट भरले की जुने कपडे पिशवीत कोंबून मदरशात किंवा कामवाल्या बाईंना दिले जातात आणि मनाला सदका केल्याचे समाधान मिळते. याबाबतीत सूरह बकराची २६७ वी आयत वाचावी. जी वस्तू आपल्याला कोणी दिली तर डोळेझाक केल्याशिवाय घेतली जाणार नाही, ती अल्लाहच्या मार्गात देण्यास निवडू नका, असा तिचा आशय आहे. आमच्या त्या एकसष्टांतून देण्यासाठी पिशवी भरताना पत्नीने उसवलेली शिवण, तुटलेली बटणे पाहून निम्मे कपडे परत बाहेर काढले आणि सुईदोरा घेऊन बसली. चिठ्ठी न काढलेले सहा मात्र तिने सर्वांत आधी पिशवीत घातले.