लहान तलावातील जलतरण सराव : ताणाच्या दोरीचा उपयोग

जलतरण स्पर्धा म्हटली की पन्नास मीटर लांबीचा तलाव डोळ्यांपुढे येतो. ऑलिंपिक स्पर्धा अशाच तलावात होतात. परंतु तो बांधणे आणि त्यातील पाणी सदैव स्वच्छ राखणे खर्चाचे असल्याने असे तलाव प्रामुख्याने मोठ्या शहरांतच आढळतात. तालुक्याच्या गावी होतकरू मुलाच्या वाट्याला आला, तर आठ-दहा मीटरचा एखादा हौद येतो. एवढ्याशा पाण्यात सराव कसा करावयाचा, याचे एक व्यवहार्य उत्तर म्हणजे कमरेला ताणाची दोरी बांधून पोहणे.

लहान हौदाची खरी अडचण वळणांची आहे. चारशे मीटर अंतर पन्नास मीटरच्या तलावात सात वळणांत पुरे होते. आठ मीटरच्या हौदात त्यासाठी एकोणपन्नास वळणे घ्यावी लागतात. चार-सहा हात मारले की भिंत येते. त्यामुळे श्वासाची लय बसत नाही आणि दमसास वाढत नाही.

दोरीचे कार्य

विहिरीत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या कमरेला दोर बांधून त्याचे टोक वडीलधाऱ्याने धरण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तो दोर रक्षणासाठी असतो. ही दोरी विरोधासाठी असते. रुंद कमरपट्ट्याला लवचिक रबरी नळी जोडून तिचे दुसरे टोक भिंतीतील पक्क्या कडीत अडकवितात. पोहणारा पुढे जाऊ लागला की नळी ताणली जाते आणि अखेर त्याचा जोर व नळीचा ताण समान होऊन तो एका जागी पोहत राहतो. कडी पाण्याच्या पातळीहून थोडी वर असल्यास दोरी पायांत अडकत नाही.

येथे अंतर मोजता येत नाही. म्हणून सराव वेळेवर बेतावा. प्रारंभी दहा मिनिटे सावकाश पोहून शरीर मोकळे करावे. नंतर अर्धा मिनिट जोराने पोहणे व अर्धा मिनिट विश्रांती, अशा सहा ते आठ फेऱ्या पुरेशा आहेत. खांदे दुखू लागल्यास सराव थांबवावा.

टाळेबंदीचा अनुभव

मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीमुळे देशातील तरण तलाव बंद झाले. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळविणारे कोल्हापूरचे वीरधवल खाडे यांनी जून २०२० मध्ये, निवृत्तीचा विचार करावा लागेल की काय, अशी व्यथा जाहीरपणे मांडली. स्पर्धक खेळाडूंच्या सरावासाठी तलाव उघडण्याची केंद्र शासनाची परवानगी १५ ऑक्टोबरपासून मिळाली. त्याच काळात परदेशांतील अनेक जलतरणपटूंनी घरामागील लहान हौदांत अशीच दोरी बांधून सराव चालू ठेवला.

मर्यादा व दक्षता

या पद्धतीने जोर व दमसास वाढतो; मात्र उडी, वळण आणि वेगाने पाणी कापण्याची सवय यांचा अभ्यास होत नाही. तसेच पुढे न सरकता पोहल्याने हात मारण्याची ढब बदलू शकते. म्हणून प्रत्येक सरावात काही वेळ दोरीविना पोहणे आवश्यक आहे.

बांधलेला माणूस संकटात सहज सुटू शकत नाही, हे कदापि विसरू नये. कमरपट्टा एका हाताने क्षणात सुटणारा असावा. काठावर पोहता येणारी प्रौढ व्यक्ती सतत हजर असावी. ऊन व क्लोरिनमुळे रबर झिजते. म्हणून दर वेळी नळी तपासावी व चीर दिसताच बदलावी. सैल शिडीला वा कठड्याला दोरी बांधू नये. नवशिक्यांसाठी, तसेच विहिरीत वा नदीत, हा सराव सर्वथा वर्ज्य समजावा.

ज्या शाळेकडे वा ग्रामपंचायतीकडे लहान हौद आहे, त्यांनी दुरुस्तीच्या वेळीच भिंतीत मजबूत कडी बसवून घ्यावी, देखरेखीसाठी जाणकार व्यक्ती नेमावी आणि निवडक मुलांना अधूनमधून जिल्ह्याच्या तलावावर नेण्याची व्यवस्था करावी. एवढ्या तयारीने गेलेल्या मुलाला मोठ्या तलावाची लांबी नवी वाटेल. पण तेथे त्याचा दम अपुरा पडणार नाही.