चंडिपुरा विषाणू आणि पेशींचे निरोप

आदल्या संध्याकाळी अंगणात खेळणारे मूल सकाळी तापाने फणफणते, दुपारी उलट्या व झटके सुरू होतात आणि रात्रीपर्यंत ते बेशुद्ध होते. विदर्भातील बालरोगतज्ज्ञांना पावसाळ्यातील हे चित्र परिचित आहे. "एका दिवसाच्या तापाने असे कसे झाले?" हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी पेशींच्या परस्परांतील निरोपांत दडलेले आहे.

१९६५ साली नागपूर परिसरात तापाची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, दोन रुग्णांच्या रक्तातून हा विषाणू वेगळा केला. त्याचे नाव नागपूरजवळील चंडिपुरा या गावावरून पडले. पुढे कित्येक वर्षे त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ बालके आजारी पडून १८३ दगावली, तेव्हा त्याचे उग्र रूप उघड झाले. २००७ साली आपला जिल्हा ज्यात मोडतो त्या नागपूर विभागात अशा ७८ बालरुग्णांपैकी शेकडा ४३.६ मृत्युमुखी पडले. २०२४ साली गुजरातेत तो पुन्हा दिसला.

विषाणू पेशीत शिरला की ती पेशी 'इंटरफेरॉन' नावाचे प्रथिन बाहेर सोडते. कोतवालाने दवंडी पिटावी तसे ते शेजारच्या पेशींच्या ग्राहींवर जाऊन बसते. तेथून निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात पेशीकेंद्रात पोहोचतो आणि संरक्षक जनुके जागी होतात. ही योजना १९५७ साली आयझॅक्स व लिंडेनमन यांच्या संशोधनातून प्रथम लक्षात आली. शरीराच्या सुदैवाने बहुतेक विषाणूंशी ती पुरी पडते.

चंडिपुराचे संकट वेगाचे आहे. दवंडी गावभर पोहोचण्याआधीच तो मेंदूत शिरलेला असतो. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली उंदरांवरील व प्रयोगशाळेत वाढविलेल्या चेतापेशींवरील अभ्यासातून दाखविले की, बाधित चेतापेशींत 'फास' नावाच्या ग्राहीमार्फत मृत्यूचा निरोप आत जातो. त्यामुळे 'कॅस्पेज-८' व पाठोपाठ 'कॅस्पेज-३' ही विकरे जागृत होतात आणि पेशी स्वतःच स्वतःला मोडीत काढते. त्वचेच्या पेशी अशा गेल्या तर नव्या येतात. चेतापेशींची भरपाई सहसा होत नाही. त्यात मेंदूतील रक्षक पेशी दाह वाढविणारे निरोप सोडतात. एरवी उपकारक असलेला हा दाह कवटीच्या बंदिस्त जागेत जिवावर बेततो.

हा निरोप मध्येच अडविता येईल काय, यावर संशोधन सुरू आहे. मात्र रुग्णाला देता येईल असे विशिष्ट औषध वा लस अद्याप उपलब्ध नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांपासून कुटुंबीयांनी दूर राहावे हे बरे.

विषाणूचा प्रसार मुख्यतः सँडफ्लाय ही डासाहूनही लहान माशी करते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातील ओल व शेणकचरा येथे ती वाढते. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ती आत येऊ शकते, म्हणून भिंती लिंपणे व भेगा बुजविणे अधिक उपयोगी. तापात मुलास झटका आला किंवा ते गुंगू लागले, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. झटके थांबविणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, रक्तातील साखर सांभाळणे आणि मेंदूची सूज उतरविणे एवढे उपचार आज हाती आहेत, व ते पहिल्या काही तासांतच करावे लागतात.