गुहेतले पाणी

संग्रहालय म्हटले की आपल्याला जुनी नाणी, मूर्ती आणि तलवारी आठवतात. काही संग्रहालयांत माहितीपटही दाखवितात. माहितीपट म्हणजे खऱ्या घटनेवरचा चित्रपट. 'द रेस्क्यू' हा असाच एक माहितीपट 2021 साली निघाला. त्यातली हकीकत थायलंडची आहे. पण ती पाहताना भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला आपली धानाची बांधी आठवते.

23 जून 2018 चा दिवस. थायलंडच्या उत्तर भागात थाम लुआंग नावाची लांबलचक गुहा आहे. फुटबॉलचा सराव आटोपून बारा मुले आणि त्यांचे तरुण प्रशिक्षक गुहा पाहायला आत गेले. मुले अकरा ते सोळा वर्षांची होती. बाहेर पाऊस कोसळू लागला. पाणी गुहेत शिरले आणि परतीची वाट बुडाली. बाहेर मुलांच्या सायकली तेवढ्या उरल्या.

नऊ दिवस काहीच पत्ता लागला नाही. 2 जुलैला रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थन हे दोन ब्रिटिश पाणबुडे गढूळ पाण्यातून खूप आत पोहोचले. पाण्याबाहेर डोके काढताच अंधारात त्यांना मुले दिसली. तेराही जण जिवंत होते! पाणबुड्यांना थाई येत नव्हते. तेव्हा अदुल नावाचा चौदा वर्षांचा मुलगा पुढे झाला आणि इंग्रजीत बोलू लागला. तो मूळचा म्यानमारकडचा. त्याला वा, बर्मी, चिनी, थाई आणि इंग्रजी अशा पाच भाषा येत होत्या. घरी उर्दू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या मुलांना याचे फारसे नवल वाटणार नाही.

मुले सापडली, पण त्यांना बाहेर कसे आणायचे? आधी पाणी उपसायला हवे होते. या कामासाठी किर्लोस्कर ब्रदर्स या आपल्या महाराष्ट्रातील कंपनीचे तज्ज्ञ गुहेपाशी गेले. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात चार मोठे पंप विमानाने पाठविण्यासाठी तयार ठेवले होते. आपल्या तुमसर तालुक्यात चिखला येथे जमिनीखाली मँगनीजची खाण आहे. अशा खाणीतही पाणी सतत उपसावे लागते.

आता सांगा, गुहेतले एवढे पाणी गेले कोठे? ते गेले आसपासच्या भातशेतीत. रोवणी झालेली बांधी बुडाली म्हणजे काय होते, हे भंडाऱ्याच्या मुलांना सांगायला नको. पऱ्हे सडतात, मेहनत वाया जाते, वर्षाचे धान जाते. पण त्या शेतकऱ्यांनी पाणी अडविले नाही. काहींनी तर सरकारने देऊ केलेली भरपाईही घेतली नाही. मुले आपल्या गावची नसली तरी मुलेच आहेत, असे त्यांना वाटले. माहितीपटात पाणबुडे जास्त दिसतात. मला मात्र हे शेतकरी अधिक आठवतात.

6 जुलैला एक दुःखद घटना घडली. समान गुनान हे थाई नौदलाचे माजी पाणबुडे गुहेत हवेच्या टाक्या ठेवून परत येत होते. वाटेत त्यांचा मृत्यू झाला. आज गुहेजवळ त्यांचा पुतळा आहे.

पावसाचा भरवसा नव्हता. 8 जुलैला सुटका सुरू झाली. रिचर्ड हॅरिस या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी मुलांना गुंगीचे औषध दिले, कारण पाण्याखाली घाबरलेले मूल स्वतःचा आणि पाणबुड्याचाही जीव धोक्यात घालू शकते. तोंडावर हवेचा मुखवटा बांधून एकेकाला बाहेर आणले. पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार आणि 10 जुलैला उरलेले पाच.

शेवटचा जण बाहेर पडला. काही वेळाने मुख्य पंप बंद पडला. पाणी भराभर चढू लागले आणि आत राहिलेले कामगार सामान टाकून दाराकडे धावले. तेही सारे वाचले.

शब्दार्थ : बांधी – धानाच्या शेताचा बांध घातलेला तुकडा. रोवणी – धानाची लावणी. पऱ्हे – धानाची रोपे. पाणबुड्या – पाण्यात बुडी मारून काम करणारा. उपसणे – पाणी बाहेर काढणे.

स्वाध्याय
1. अदुलला कोणकोणत्या भाषा येत होत्या?
2. मुलांना गुंगीचे औषध का दिले?
3. तुमची बांधी बुडणार असती, तर तुम्ही काय केले असते? चार-पाच वाक्ये लिहा.