लंडनचं कांस्यपदक आणि तीन किलोंचा फरक : मेरी कोमच्या कारकिर्दीचा अभ्यास

आपल्या मंडळाच्या या पुस्तिकेत दरवर्षी एखाद्या कर्तबगार व्यक्तीची ओळख करून देण्याची पद्धत आहे. या वेळी आम्ही मणिपूरची मुष्टियोद्धा मेरी कोम हिची निवड केली. कारणं दोन. पहिलं, तिचं ऑलिंपिक पदक आपण राहतो त्याच देशात, लंडनमध्ये, २०१२ साली मिळालेलं आहे. दुसरं, त्या पदकापर्यंत पोहोचताना तिला कोणाची मदत झाली आणि ती कधी झाली हे पाहिलं, तर देणगी देणाऱ्या प्रत्येकाला विचार करण्यासारखं बरंच काही सापडतं. तिच्यावर २०१४ मध्ये सिनेमा निघाला, त्यामुळे "गरिबीतून वर आली, जगज्जेती झाली" एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही इथे त्यामागचा हिशेब मांडायचा प्रयत्न केला आहे.

कांगाथेई ते इम्फाळ

मेरीचं मूळ नाव मांगते चुंगनेइजांग. जन्म १९८२ सालचा, मणिपूरच्या चुराचांदपूर जिल्ह्यातल्या कांगाथेई गावचा. आई-वडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे. वडिलांनी तरुणपणी कुस्ती केलेली. भावंडांत ती थोरली, त्यामुळे शेतातली कामं आणि धाकट्यांना सांभाळणं हे ओघानेच आलं. शाळा मोइरांगला. हे तेच मोइरांग, जिथे १९४४ मध्ये आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. शाळेत मेरी धावायची, भालाफेक करायची.

१९९८ मध्ये मणिपूरच्याच डिंको सिंगने बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत मुष्टियुद्धाचं सुवर्णपदक जिंकलं आणि तिथल्या पोरांना या खेळाचं वेड लागलं. पोरींनाही लागलं. २००० साली मेरी इम्फाळला जाऊन के. कोसाना मैतेई यांच्याकडे शिकू लागली. घरी पत्ता नव्हता. राज्य स्पर्धा जिंकल्यावर वर्तमानपत्रात फोटो आला, तेव्हा वडिलांना कळलं. त्यांची काळजी आपल्याकडच्या कुठल्याही वडिलांची असते तीच होती : तोंडाला मार लागला तर मुलीचं लग्न कसं व्हायचं?

पुढचा प्रवास थक्क करणारा आहे. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा २००१ मध्ये अमेरिकेत स्क्रँटनला झाली, तिथे मेरीला रौप्य. मग २००२ मध्ये अंताल्या, २००५ मध्ये पोडोल्स्क, २००६ मध्ये नवी दिल्ली, २००८ मध्ये निंगबो आणि २०१० मध्ये ब्रिजटाऊन अशी पाच सुवर्णपदकं. मधे २००५ मध्ये लग्न झालं, २००७ मध्ये जुळी मुलं झाली. त्या वर्षांत पती ओनलर यांनी मुलं सांभाळली म्हणून तिला पुन्हा शिबिरांना जाता आलं. निंगबोचं सुवर्ण हे बाळंतपणानंतरचं आहे, हे विसरू नये.

एवढं सगळं होऊनही २००९ सालापर्यंत तिला ऑलिंपिकचं स्वप्न पाहण्याची सोय नव्हती, कारण ऑलिंपिकमध्ये महिलांचं मुष्टियुद्धच नव्हतं.

बंद दार

हा मागासलेपणा आपल्याकडचाच, असं कोणी समजू नये. मुष्टियुद्धाचे आधुनिक नियम ज्या इंग्लंडने जगाला दिले, तिथल्या हौशी मुष्टियुद्ध संघटनेने महिलांवरची बंदी उठवली ती १९९६ साली. संघटनेची स्थापना १८८० ची, म्हणजे ११६ वर्षं गेली. व्यावसायिक खेळात तर जेन काउच हिला परवान्यासाठी १९९८ मध्ये न्यायाधिकरणापुढे जावं लागलं. मासिक पाळीमुळे बायका अस्थिर होतात, असा युक्तिवाद तिच्याविरुद्ध केला गेला. ती जिंकली. गंमत पाहा, इंग्लंडमध्ये दार उघडल्यापासून चारच वर्षांनी मेरीने इम्फाळमध्ये ग्लोव्हज चढवले होते.

ऑगस्ट २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने निर्णय घेतला की लंडनमध्ये महिलांचं मुष्टियुद्ध होईल. उन्हाळी ऑलिंपिकमधला फक्त पुरुषांचा असा हा शेवटचा खेळ उरला होता. तोही आता खुला झाला. पण किती खुला झाला?

तीन किलोंचा प्रश्न

लंडनमध्ये पुरुषांसाठी दहा वजनी गट होते आणि २५० जागा. महिलांसाठी गट तीन : ५१, ६० आणि ७५ किलो. जागा ३६, म्हणजे प्रत्येक गटात बारा. मेरीची सारी जगज्जेतेपदं ४५, ४६ आणि ४८ किलो गटांतली. तिच्यासाठी सर्वात खालचं दार ५१ किलोंचं होतं.

तीन किलो म्हणजे काय मोठंसं, असं कोणालाही वाटेल. दिवाळीच्या फराळानंतर आपल्यापैकी अनेकांचे तेवढे वाढतातच! पण ४८ किलोंच्या शरीराला तीन किलो म्हणजे ८० किलोंच्या माणसाला पाच किलो, तेही चरबीचे चालत नाहीत, स्नायूंचे लागतात आणि चपळाई कमी होऊन चालत नाही. शिवाय वजन वाढवता येतं, उंची वाढवता येत नाही. मेरीची उंची पाच फूट दोन इंच. वरच्या गटातल्या मुली तिच्याहून उंच आणि लांब हातांच्या. लांब हात असलेली खेळाडू दुरून ठोसा मारून मागे सरकते, बुटक्या खेळाडूला गुण मिळवायला प्रत्येक वेळी आत शिरावं लागतं. आत शिरणं म्हणजे आधी मार खाण्याची तयारी.

याचा प्रत्यय लगेच आला. २०१० च्या ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेतही सर्वात हलका गट ५१ किलोंचाच होता, तिथे मेरीला कांस्यावर समाधान मानावं लागलं. त्याच वर्षी ४८ किलोंत ती जगज्जेती होती! मुलगी तीच आणि वर्षही तेच, बदलला तो फक्त गट. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोजच्या कामात एक गोष्ट पाहतो : प्रणाली कोणाला गृहीत धरून बनवली, हे तिच्यात कोण बसत नाही यावरून कळतं. लंडनचे तीन गट आखताना छोट्या चणीच्या मुली कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हत्या.

पुणे, लिव्हरपूल, लंडन

इथे मदतीचा मुद्दा येतो. प्रकाश पदुकोण आणि गीत सेठी यांनी स्थापन केलेली 'ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट' ही देणग्यांवर चालणारी संस्था मेरीच्या पाठीशी उभी राहिली. लिव्हरपूलचे चार्ल्स ॲटकिन्सन तिला प्रशिक्षक म्हणून लाभले आणि सरावाची जागा होती आपलं पुणं, बालेवाडीची शिवछत्रपती क्रीडानगरी. मणिपूरची मुलगी पुण्यात इंग्रज गुरूकडे शिकली आणि लंडनला उतरली, हे वाचून इथल्या प्रत्येक मराठी माणसाला बरं वाटेल.

मे २०१२ मध्ये चीनमधल्या छिनहुआंगदाओच्या जागतिक स्पर्धेत ती उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडच्या निकोला ॲडम्सकडून हरली, तरी लंडनची जागा तिला मिळाली. मुष्टियुद्धात पात्र ठरलेली ती एकटीच भारतीय महिला. ॲटकिन्सन यांना मात्र आंतरराष्ट्रीय संघटनेचं आवश्यक ते प्रमाणपत्र नसल्यामुळे लंडनमध्ये तिच्याबरोबर राहता आलं नाही. घडवणारा गुरू इंग्लंडचा, स्पर्धा इंग्लंडमध्ये, आणि तोच बाहेर!

सामने झाले एक्सेल सेंटरमध्ये. ५ ऑगस्टला, तिच्या जुळ्या मुलांच्या पाचव्या वाढदिवशी, मेरीने पोलंडच्या करोलिना मिखालचुकला १९-१४ असं हरवलं. ही मिखालचुक २००८ मध्ये ५४ किलोंत जगज्जेती होती. एक वरून खाली आलेली, एक खालून वर गेलेली. दुसऱ्या दिवशी ट्युनिशियाच्या मारुआ राहालीवर १५-६ असा विजय. आणि ८ ऑगस्टला उपांत्य फेरीत पुन्हा निकोला ॲडम्स. सभागृह अर्थातच लीड्सच्या मुलीच्या बाजूने. मेरी ६-११ अशी हरली. मुष्टियुद्धात उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघींनाही कांस्य मिळतं, तसं ते तिला मिळालं. ॲडम्सने दुसऱ्या दिवशी चीनच्या रेन छानछानला हरवून ऑलिंपिकच्या इतिहासातलं महिला मुष्टियुद्धाचं पहिलं सुवर्ण जिंकलं.

खाशाबांची आठवण

हे सगळं वाचताना मराठी वाचकाला खाशाबा जाधव आठवल्याशिवाय राहणार नाहीत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ मध्ये याच लंडनला कुस्ती खेळायला आले, तेही हलक्या फ्लायवेट गटात, आणि सहावे आले. त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. १९५२ च्या हेलसिंकीला जायचं ठरलं तेव्हा पुन्हा पैशाची अडचण. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक फरक दिसतो. खर्डेकर सरांनी पैसे दिले तेव्हा पदकाची खात्री कोणालाच नव्हती. मेरीपर्यंत मोठी मदत पोहोचली तोवर तिच्या नावावर जगज्जेतेपदं जमा होती. अर्जुन पुरस्कारही २००३ मध्येच मिळाला होता. आधीची वर्षं मात्र घरचं बळ आणि ओळखीपाळखीची माणसं यांवर निभावली. २००० साली रेल्वेप्रवासात तिचं सामान चोरीला गेलं होतं. अशा एका फटक्यासरशी खेळ सोडून घरी परतलेल्या मुली किती असतील? त्यांची नावं कुठल्याच यादीत सापडायची नाहीत.

पुढे काय झालं

मेरी थांबली नाही. २०१४ मध्ये इंचॉनला आशियाई सुवर्ण, तेही ५१ किलोंत. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण आणि त्याच वर्षी दिल्लीत सहावं जगज्जेतेपद, ही दोन्ही ४८ किलोंत. २०१९ मध्ये उलान-उदेला कांस्य, म्हणजे जागतिक स्पर्धेतली एकूण आठ पदकं. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, कोलंबियाच्या इंग्रित व्हालेन्सियाकडून थोडक्यात हार. २०१६ ते २०२२ राज्यसभेचं सदस्यत्व, २०२० मध्ये पद्मविभूषण. इम्फाळला तिने मुलामुलींसाठी प्रशिक्षण केंद्रही काढलं.

२०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीत गुडघा दुखावल्याने तिला यावर पाणी सोडावं लागलं. पण तिथे नीतू घंघासने ४८ आणि निखत झरीनने ५० किलोंत सुवर्ण जिंकलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत मीनाक्षी हुडाने ४८ व जास्मिन लांबोरियाने ५७ किलोंत. आपल्याकडच्या मुलीही मागे नाहीत. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये आणि पुण्याची देविका घोरपडे २०२२ मध्ये युवा जगज्जेती झाली.

नियमही हलले. ऑलिंपिकमध्ये महिलांचे गट टोकियोला पाच झाले, पॅरिसला सहा. २०२८ च्या लॉस एंजेलिसला सात होणार आहेत, पुरुषांइतकेच. पॅरिसला सर्वात हलका गट ५० किलोंचा होता. ४८ किलोंच्या मुलीला अजूनही थोडं वर चढावंच लागतं.

आपण काय करायचं

या पुस्तिकेतून जमणारा निधी कुठे द्यायचा हे आपली समिती ठरवेल. आमची एवढीच विनंती, की त्यातला एक वाटा अशा ठिकाणी जावा जिथे अजून कुठलंही पदक नाही. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलीला लागतं ते साधंच असतं : बूट, ग्लोव्हज, दातांचं कवच, रोजचं दूध-अंडी, स्पर्धेला जायचं रेल्वेचं तिकीट आणि सोबत येणाऱ्या आईचंही तिकीट. मोठे प्रायोजक या यादीकडे वळत नाहीत, कारण यात फोटो काढण्यासारखं काही नाही. आपल्यासारख्या छोट्या मंडळाला मात्र ही यादी परवडते.

यातल्या बहुतेक मुली जगज्जेत्या होणार नाहीत, हेही आधीच मान्य करून देणगी द्यावी. त्यातली एखादी पोलिसात लागेल, एखादी गावात दहा मुलींना शिकवेल, एखादी नुसतीच ताठ मानेने रस्त्याने चालेल. खर्डेकर सरांना पदकाची खात्री कोणी दिली नव्हती. आपणही ती मागू नये. देणगीचा अर्ज शेवटच्या पानावर आहे. भरून मंडळाच्या खजिनदारांकडे द्यावा, ही नम्र विनंती.