फायबरच्या होडीला कप्पी बसवणे

दाभोळच्या खाडीकाठी एका घरात चुलता आणि पुतण्या मिळून मासेमारी करतात. चुलत्याचा जन्म लाकडी होडीवर गेला. पुतण्याने कर्ज काढून फायबरची होडी घेतली. होडी हलकी. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येण्याची भीती नाही.

जाळे ओढून ओढून पुतण्याचा खांदा दुखू लागला. म्हणून त्याने होडीच्या कडेवर वीतभर रुंद बुडाचा एक लोखंडी खांब उभा केला. खांबाला कप्पी लावली. खांब बसवायला चार लांब स्क्रू वरून पिळले. लाकडी होडीवर घरात असेच करत आले होते.

दोन हंगाम कप्पी छान चालली. मग एके दिवशी जाळे तळाच्या खडकात अडकले. वारा होडीला बाजूला नेऊ लागला. दोरी ताठ झाली. काड्कन आवाज झाला आणि खांब मुळासकट उपटला. तो पुतण्याच्या मनगटाला चाटून पाण्यात गेला. थोडक्यात डोके वाचले.

किनाऱ्यावर आल्यावर चुलत्याने उरलेल्या भोकांत तार घालून पाहिली. तारेबरोबर काळा, ओला भुसा बाहेर आला.

“काका, स्क्रू तर चांगले तीन इंची होते.”

“स्क्रू चांगलेच होते रे. पण त्यांनी धरायचे कशाला? आत लाकूडच राहिले नाही!”

फायबर म्हणजे काय ते आधी पाहू. काचेच्या बारीक तंतूंचे कापड साच्यात पसरतात. त्यावर रेझिन नावाची पातळ राळ ओततात. ती वाळून घट्ट होते. असे थरावर थर चढवून होडीचे अंग तयार होते. हे अंग मजबूत असते, पण पातळ असते. पुष्कळ होड्यांत ते करंगळीएवढेही जाड नसते. म्हणून जिथे जोर यायचा तिथे, म्हणजे कडेला आणि मशीन बसवतात त्या मागच्या फळीत, बरेचदा आत प्लायवूड घालून वरून फायबरने झाकतात. हे लाकूड कोरडे असेपर्यंत ठीक. भोकातून पाणी आत गेले की ते बाहेर यायला वाट नसते. लाकूड आतल्या आत कुजते. वरून होडी नव्यासारखी चकचकीत दिसते!

आत कुजले आहे का, हे कसे ओळखाल? एक नाणे घेऊन कडेवर टकटक वाजवत जा. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो. कुजलेल्या जागी बद्द येतो.

आता ताणाचा हिशेब करू. समजा खांब ३० सेंटीमीटर उंच आहे. जाळे अडकले आणि दोरीने वरच्या टोकाला ४० किलोचा ताण आडवा दिला. खांबाचे बूड एका बाजूने टेकते आणि दुसऱ्या बाजूने उचलू पाहते. टेकलेली बाजू आणि पलीकडचे बोल्ट यांत १० सेंटीमीटर अंतर असेल, तर त्या बोल्टांवर ४० किलो येत नाहीत. ३० भागिले १० म्हणजे तिप्पट, १२० किलो येतात. म्हणून खांब होईल तेवढा आखूड ठेवावा आणि त्याचे बूड रुंद करावे.

चुलत्याने फायबरचे काम जाणणाऱ्या मिस्त्रीला बोलावले. मिस्त्रीने कुजलेला भाग कापून काढला. जागा पुरी सुकू दिली, नवे प्लायवूड घातले आणि फायबर चढवले. हे काम पावसाच्या ओलीत करू नये. नारळी पौर्णिमा जवळ आली म्हणून घाई होते, ते खरे. पण छपराखाली होडी सुकवायला चार दिवस जास्त लागले तर लागू द्यावेत.

भोक पाडण्याआधी पुतण्याने खालून हात घालून पाहिले. खाली डिझेलची टाकी नाही ना? वायर नाही ना? काही होड्यांत बाकाखाली हवाबंद पेटी असते. होडी पाण्याने भरली तरी ती पेटी होडीला तरंगत ठेवते. त्या पेटीला कधीही भोक पाडू नका. ती पेटी गेली तर बुडत्या होडीला धरायला काही उरत नाही.

मग जागेवर चिकटपट्टी लावून खुणा केल्या. पट्टी लावली की वरचा चकचकीत थर तडकत नाही. नाकातोंडाला फडके बांधले, डोळ्यांवर चष्मा लावला. काचेची धूळ छातीत गेली तर वाईट.

बोल्ट ८ मिलिमीटरचे होते. पण मिस्त्रीने आधी १२ मिलिमीटरची भोके पाडली. पुतण्या म्हणाला, “मिस्त्री, बोल्ट ढिले बसतील की!” मिस्त्री काही बोलला नाही. त्याने भोकांच्या तळाला पट्टी चिकटवली आणि इपॉक्सीत पावडर घालून केलेला लगदा भोकांत भरला. (इपॉक्सी थोडे थोडेच कालवावे. डब्यात जास्त राहिले तर तापून धूर निघतो.) दुसऱ्या दिवशी लगदा दगडासारखा झाला. त्याच्या बरोबर मधोमध ८ मिलिमीटरचे भोक पाडले. आता बोल्टभोवती सगळीकडून इपॉक्सीची भिंत झाली. पाणी आले तरी लाकडाला शिवणार नाही.

स्क्रू या वेळी वापरले नाहीत. बोल्ट वरून आरपार घातले. खालून खांबाच्या बुडापेक्षा मोठी, जाड पाटी लावली. मग वायसर आणि चाकी. पाटीमुळे ताण चार भोकांवर न राहता मोठ्या जागेवर पसरतो. पाटी मरीन प्लायची असली तर तिला सगळ्या बाजूंनी इपॉक्सी लावावे. बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. साधे लोखंड खाऱ्या पाण्यात गंजते आणि पितळही हळूहळू कमजोर होते.

बुडाखाली आणि बोल्टाच्या डोक्याखाली होडीसाठी मिळणारा सीलंट भरला. पहिल्या दिवशी चाक्या हलक्याच आवळल्या. लगेच जोराने आवळले तर सगळा सीलंट बाहेर पडतो आणि मधे काही राहत नाही. तो घट्ट झाल्यावर पुन्हा आवळल्या. तेव्हा खालची चाकी फिरवली आणि बोल्टाचे डोके पान्याने स्थिर धरले. डोके फिरले तर सीलंट तुटतो.

होडी पाण्यात लोटण्याआधी कप्पीला दोरी बांधून दोघांनी बाजूने ओढून पाहिले. चुलता आत बॅटरी धरून बसला होता. भोकांभोवती कोळिष्टकासारख्या बारीक भेगा दिसतात का, ते तो पाहत होता. दिसल्या नाहीत.

आता जाळे अडकले की पुतण्या दोरी आधी मोकळी सोडतो. होडी जाळ्याच्या बरोबर वर नेतो आणि मग सरळ ओढतो. खांबाजवळ एक सुरी खोचलेली असते. ती चुलत्याने ठेवली आहे.