सोयाबीन चक्कीवर नेण्याआधी उकळा



सोंगणी झाली की बऱ्याच घरी पाच-दहा किलो सोयाबीन खाण्यासाठी बाजूला ठेवतात आणि गव्हात टाकून सरळ चक्कीवर नेतात. मग बैठकीत ऐकायला मिळतं, "सोयाबीनच्या पोळ्यांनी लेकरांचं पोट फुगते, वास येते, आम्ही बंद केलं." बंद करू नका. सोयाबीनमध्ये वजनाच्या सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात, तुरीच्या डाळीत २२ टक्क्यांच्या आसपास. एवढं सकस धान्य आपल्याच वावरात पिकतं. अडचण आहे ती ते कच्चं दळण्यात. का, ते समजायला थोडं शाळेतलं विज्ञान लागेल. घरात दहावीची मुलगी असेल तर तिला जवळ बसवा, 'विकर' हा शब्द तिच्या पुस्तकात आहे.

प्रथिन म्हणजे मण्यांची पोत समजा. मणी वीस प्रकारचे, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. आपण डाळ खातो तेव्हा ही पोत तशीच अंगी लागत नाही. पोटात आणि आतड्यात ती तुटून मणी सुटे व्हावे लागतात, मग शरीर त्यातून आपली पोत ओवतं: रक्त, स्नायू, केस, लेकराची वाढती हाडं. ही पोत कापणारी कात्री म्हणजे विकर. प्रत्येक कामाची कात्री वेगळी. ज्वारीची भाकर खूप वेळ चावली की गोड लागते ना? ते लाळेतल्या अमायलेज नावाच्या विकराचं काम, पण ते फक्त पिठूळ पदार्थ कापतं. प्रथिनं कापणारं मोठं विकर ट्रिप्सिन. ते स्वादुपिंडातून लहान आतड्यात येतं.

आता गंमत पाहा. कीड-प्राण्यांनी आपलं बी खाऊन पचवू नये म्हणून सोयाबीनच्या झाडाने दाण्यातच एक पदार्थ ठेवलेला असतो. तो ट्रिप्सिनच्या पात्यात जाऊन अडकतो आणि कात्री बंद पडते. म्हणजे ४० टक्के प्रथिनं खाऊनही त्यातली बरीच न पचता निघून जातात. अमेरिकेत १९१७ साली ऑस्बोर्न आणि मेंडेल या शास्त्रज्ञांनी उंदरांना कच्चं सोयाबीन खाऊ घातलं तर ते नीट वाढले नाहीत. तेच सोयाबीन शिजवून दिलं तर वाढले.

कात्री अडवणारा हा पदार्थ स्वतःही एक प्रथिनच आहे, आणि प्रथिनाचं काम त्याच्या घडीवर चालतं. उकळलं की घडी मोडते. अंड्याचं पांढरं एकदा शिजलं की पुन्हा पातळ होत नाही, तसंच. "पण पोळी तव्यावर भाजतेच ना?" असं कुणी विचारेल. पोळी तव्यावर मिनिट-दोन मिनिटं असते, तेवढं पुरत नाही. कोरडं भाजलं तर दाणा वरून करपतो, आत कच्चा राहतो. ओली उष्णता आणि वेळ, दोन्ही पाहिजे.

म्हणून सोयाबीन निवडून रात्रभर भिजवा, ते पाणी फेका. मोठ्या गंजात किलोला तीन-चार लिटर पाणी खळखळ उकळू द्या, त्यात दाणे टाका आणि पुन्हा उकळी आल्यापासून अर्धा तास मोजा. हेही पाणी फेका. पोट फुगवणाऱ्या काही साखरा त्यात उतरतात. त्या कापायची कात्री माणसाच्या आतड्यात नाहीच, म्हणून तर गॅस होतो. कच्चा वास ज्या विकरामुळे येतो तेही उकळीत मरतं. मग कडक उन्हात, दाणा दाताखाली कट्कन तुटेल इतकं वाळवा. नऊ किलो गव्हाला एक किलो पुरे. नुसतं सोयाबीन चक्कीवाला दळून देत नाही, तेलाने दगड चोंदतो.

पीठ विकणाऱ्या गटांनी एक तपासणी जरूर करावी. सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं विकर असतं, ते युरियापासून अमोनिया करतं. उकळून वाळवलेले थोडे दाणे कुटून एका बाटलीत, कच्चे कुटून दुसऱ्या बाटलीत घ्या. दोन्हीत चिमूटभर युरिया, थोडं पाणी, झाकण लावून अर्धा तास ठेवा. कच्च्याच्या बाटलीतून सकाळी गोठ्यात येतो तसा झणझणीत वास येईल. उकळलेल्याच्या बाटलीतून वास आला तर उकळणं कमी पडलं, तो माल परत उकळायचा. बाटली खाण्याच्या भांड्यातली नको, आतलं उकिरड्यावर टाका, लेकरं दूर ठेवा. हेच युरिएज वेगळ्या एका शेंगेच्या बियांतून १९२६ साली समनर यांनी शुद्ध करून दाखवलं आणि विकर म्हणजे प्रथिन हे सिद्ध केलं. त्यासाठी त्यांना १९४६ साली नोबेल मिळालं. आपल्याला ते युरियाच्या पोत्यातल्या चिमटीवर पाहता येतं!

इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १२७ नावाचं वाण काढलं आहे, त्यात ट्रिप्सिन अडवणारा मुख्य पदार्थच नाही. पण आपल्याकडे बहुतेक वावरात दुसरी वाणं असतात, तेव्हा गंज चुलीवर चढवावाच लागेल. आणि हे पीठ महिनाभराचं दळून ठेवू नका, तेलामुळे खवट होतं. आठवड्यापुरतं दळा. पावसाळ्यात ऊन नसेल तर उकळलेले दाणे वाळवत न बसता त्याच दिवशी उसळीत घाला, ओले राहिले तर बुरशी धरतात.